विवाहस्थळ : वधूच्या राहत्या घरी

मराठीत 'स्थळ' हा शब्द लग्नाच्या संदर्भात दोनदा येतो. आधी माणूस स्थळ असतो आणि मग जागा. मुलीसाठी स्थळे पाहतात, स्थळ सांगून येते, स्थळ पसंत पडते. आणि एकदा ते पसंत पडले की पत्रिकेच्या तळाशी पुन्हा एक 'स्थळ' छापले जाते, जिथे अमुक वाजून तमुक मिनिटांनी अक्षता पडायच्या असतात. पहिल्या स्थळाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. देवलांच्या 'शारदा' नाटकापासून (१८९९) ते २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ' या चित्रपटापर्यंत मुलगी कोणाला द्यायची, कशी दाखवायची, कितीला द्यायची या प्रश्नांनी मराठी मन अस्वस्थ केले आहे. दुसऱ्या स्थळाकडे मात्र आपण व्यवहाराची बाब म्हणून पाहतो. हॉल मोठा आहे का, गाड्या लावायला जागा आहे का, ताट कितीला पडते, एवढी चौकशी झाली की विषय संपतो. मला असे वाटते की लग्न कुठे करायचे हे ठरवताना आपण आपला समाज कोणता, हेही ठरवत असतो. हा निर्णय वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा एखादे रस्त्यावरचे गाव बरे. कल्याणहून मुरबाड आणि सरळगाव मागे टाकून माळशेजकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर टोकावडे लागते. पुढे वैशाखरे, मोरोशी आणि मग घाट. सभोवती भातखाचरे, सागाचे आणि पळसाचे रान, कुणबी-आगरी वस्तीची गावे आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे. शहर इथून दूर नाही आणि जवळही नाही. घरटी एखादा तरी मुलगा कल्याण, डोंबिवली, अंबरनाथकडे नोकरीला असतो आणि शनिवार-रविवारी घरी येतो. अशा गावांत लग्नाचे स्थळ कसे बदलत गेले, हे पाहायला फार संशोधन करावे लागत नाही. कपाटात जपून ठेवलेल्या पत्रिका काळाच्या ओळीने मांडल्या की पुरे.

जुन्या पत्रिकेत 'विवाहस्थळ : वधूच्या राहत्या घरी' किंवा 'वराच्या राहत्या घरी' एवढेच असे. खाली मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. निमंत्रकांत भाऊबंदांची नावे आणि सर्वांत शेवटी 'समस्त ग्रामस्थ मंडळ'. नंतरच्या पत्रिकांत त्याच जागी हॉलचे नाव येते, मग लॉनचे. त्याखाली 'अमुक पेट्रोल पंपाच्या पुढे' अशी खूण येते, कारण पाहुण्याने ती जागा पूर्वी पाहिलेली असेलच असे नाही. आणखी अलीकडच्या पत्रिकेवर तर मोबाइलने टिपायचा चौकोनी ठिपक्यांचा नकाशा असतो. 'समस्त ग्रामस्थ मंडळ' हे शब्द मात्र अजून तसेच छापले जातात. ज्या लग्नात ग्रामस्थ मंडळाला करण्यासारखे काहीही उरलेले नाही, त्याच्याही पत्रिकेत ते असतात. मला या विसंगतीविषयी बोलायचे आहे.

दारच्या मांडवात ग्रामस्थांना काम असे. आधी चार जण जाऊन बांबू आणि मेढी आणत. मुहूर्तमेढ रोवली की आंब्याची, जांभळीची, उंबराची डहाळी येई. मांडव घालायला भाड्याचा माणूस नसे, आळीतले हात असत. मोठी भांडी गावकीची किंवा देवळाची. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लावायला पाड्यावरची माणसे. तांदळाच्या भाकऱ्या थापायला घराघरातून बायका येत, आपापले पोळपाट आणि परात घेऊन. वऱ्हाड परगावचे असेल तर त्याला उतरायला जानवसघर लागे, आणि ते शेजारच्या कोणाचे तरी राहते घर असे. त्या दिवशी त्या शेजाऱ्याची बायकामुले ओटीवर नाहीतर गोठ्याच्या माळ्यावर झोपत. निमंत्रणाचीही एक परिभाषा होती. घरातल्या एकाला बोलावणे वेगळे आणि 'चूलबंद' बोलावणे वेगळे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही; म्हातारे, आजारी, तान्हे, सगळ्यांनी मांडवात जेवायचे. अशा निमंत्रणात पाहुण्यांची संख्या कोणी विचारत नसे, कारण ती सगळ्यांना ठाऊक असे. गावात चुली किती, हे गाव जाणते.

हे वाचून कोणाला गहिवर येत असेल तर तो आवरावा, कारण या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून दारच्या मांडवाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली गोष्ट, तो मांडव सगळ्यांचा नव्हता. पंगतीला जातीची उतरंड होती. ज्यांनी पत्रावळी लावल्या, लाकडे फोडली, त्यांची पंगत शेवटची, आणि तीही कित्येकदा मांडवाबाहेर. दुसरी गोष्ट, ज्याला आपण 'सगळ्यांनी मिळून केलेले काम' म्हणतो ते बहुतांशी बायकांनी केलेले काम होते. नवरीची आई आपल्या मुलीच्या अंगावर पडलेल्या अक्षता पाहू शकली नाही, ती चुलीपाशी होती, हे अनेक घरांत सहज सांगितले जाते, आणि ते हसून सांगितले जाते हे अधिक वाईट. तिसरी गोष्ट, कर्ज.

लग्नाच्या कर्जाचा इतिहास ठाणे जिल्ह्याइतका उघडा क्वचितच कुठे सापडेल. आज पालघर जिल्ह्यात असलेला डहाणू-तलासरीचा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, आणि उंबरगाव तालुका एकेकाळी ठाण्याचाच. तिथे 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. वारली तरुणाने देज आणि लग्नखर्च भागवण्यासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. ते फिटत नसत. नवी नवरी घरी येई तीही त्याच वेठीला जुंपली जाई. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी या दोन्ही पद्धती मोडून काढल्या. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्या लढ्याची कहाणी सांगते. त्या काळी हॉल नव्हता, लॉन नव्हते. लग्ने पाड्यावर, झोपडीच्या अंगणातच होत होती. तरीही माणसे त्या लग्नापायी गुलाम होत होती. म्हणजे दारचा मांडव स्वस्त असतो हेही सरसकट खरे नाही. आणि हा सगळा भूतकाळ आहे असेही समजू नये. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे आजही हंगामाआधी मालकाकडून उचल घेतात, आणि त्या उचलीत आजारपणाप्रमाणे लग्नही असते. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी एकत्र राहू लागतात, मुलेबाळे होतात, आणि पुढे एखाद्या सामुदायिक सोहळ्यात आईबापांचे लग्न मुलांच्या देखत लागते, हे ठाणे-पालघरच्या पाड्यांत नवलाचे नाही.

तेव्हा दारचा मांडव गेला तो केवळ हौसेपायी गेला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला सबळ कारणे होती. त्यांतले सर्वांत मोठे कारण पाणी.

शहापूर तालुक्यात तानसा धरण १८९२ मध्ये बांधले गेले, पुढे भातसा आले. मुंबईची तहान मोठ्या प्रमाणावर याच डोंगररांगांतून भागते. आणि त्याच शहापुरातल्या आणि शेजारच्या मुरबाडमधल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात आणि बायका टँकरची वाट पाहत बसतात. आता लग्नसराईचा हंगाम आठवा. भातशेतीच्या प्रदेशात पावसाळ्यात लग्न नसते, दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी असते. मोकळीक आणि हातात पैसा येतो तो माघापासून वैशाखापर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत घरी प्यायला हंडाभर पाणी नाही, नेमके त्याच महिन्यांत पाचशे माणसांना जेवायला बोलवायचे. मुलीचा बाप हॉल पाहायला जातो तेव्हा तो झुंबर पाहत नाही. कूपनलिका आहे का, टाकी केवढी आहे, हे विचारतो. दुसरा प्रश्न शौचालयांचा, आणि तो विशेषतः शहरातून येणाऱ्या बायकांचा असतो. तिसरा, गाड्या कुठे उभ्या करायच्या. या तिन्ही गरजा अंगण भागवू शकत नाही. पाड्याचे पाणी धरणात गेले आणि पाड्याचे लग्न हॉलमध्ये गेले, या दोन गोष्टींचा संबंध मला तरी स्पष्ट दिसतो.

हॉलच्या बाजूने आणखीही बोलता येते. तिथे नवरीची आई चुलीपाशी नसते. तिथे ताट घेऊन रांगेत उभे राहावे लागते आणि त्या रांगेत तुमची पंगत कितवी हे कोणी विचारत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना मांडवाबाहेर बसवले गेले त्यांना, दारच्या मांडवाची ऊब गेली म्हणून हळहळ वाटावी अशी अपेक्षा आपण करू नये. पैसे मोजून घेतलेली जागा कधीकधी मानाने मिळालेल्या जागेपेक्षा अधिक समतेची असते, हे मान्य केलेच पाहिजे.

मग गमावले काय? माझ्या मते, पायी येणारा पाहुणा.

दारच्या मांडवाला जो कोणी चालत पोहोचू शकत होता तो पाहुणा होता. हॉलला जो वाहनाने पोहोचू शकतो तो पाहुणा. टोकावड्याच्या घरचे लग्न वीसेक किलोमीटरवर मुरबाडला, किंवा थेट कल्याणला लागते तेव्हा वऱ्हाडासाठी गाड्या ठरवल्या जातात. जीपमध्ये किती माणसे बसतील, टेम्पोत किती उभी राहतील, याचा हिशोब होतो. त्या हिशोबात पहिल्यांदा गळते ती शेजारची म्हातारी, जिने चार दिवस तांदूळ निवडले. मग गळतो अधू माणूस. मग पाड्यावरचा गडी, ज्याला 'तू मागच्या गाडीत ये' म्हणून सांगितले जाते आणि मागची गाडी भरून गेलेली असते. त्यांच्यासाठी घरी डबा येतो. डबा आला म्हणजे बोलावणे पोहोचले असे आपण धरून चालतो. ज्यांना टेम्पोत जागा मिळते तेही फार सुदैवी नसतात. वऱ्हाडाचा टेम्पो उलटल्याची बातमी दर लग्नसराईत कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येते. मालवाहू वाहनात उभे राहून लग्नाला जाण्याची वेळ ज्या निर्णयाने येते, तो निर्णय केवळ सोयीचा राहत नाही.

दुसरी गळती कामाची. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला (१९६२) नारायण सर्वांना माहीत आहे. शालू खरेदीपासून वरातीपर्यंत सगळ्या लग्नाचे ओझे वाहणारा आणि लग्न पार पडल्यावर कोणाच्याच लक्षात न राहणारा. त्याला वाचताना आपण हसतो आणि शेवटी गलबलतो. आजच्या लग्नात नारायण नाही; त्याच्या जागी कंत्राटदार आहे, त्याला पैसे मिळतात, आणि ते एका अर्थी न्याय्यच आहे. पण नारायण ज्याच्या घरी राबायचा त्याच्या घरात त्याला काहीएक हक्क होता. तो यजमानाला ओरडू शकत असे. कामाने मिळणारा तो हक्क गावात फार मोलाचा असतो. ज्याच्या लग्नात तुम्ही मेढी आणल्या त्याच्याकडे तुम्ही भांडण झाले तरी तोंड फिरवू शकत नाही, आणि तोही फिरवू शकत नाही. आहेराची वही असते तशी या श्रमांचीही एक न लिहिलेली वही होती. हॉलचे बिल चुकते केले की ती वही कोरी राहते. कोणी कोणाचे देणे लागत नाही, असे होते. सावकाराचे मात्र लागतो.

लोकांना हे कळत नाही असे मुळीच नाही. त्यांनी आपापल्या परीने तोडही काढली आहे, आणि ती पत्रिकेतच दिसते. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कुणबी पत्रिकांत आता बहुधा दोन स्थळे असतात. 'हळदी समारंभ : राहत्या घरी' आणि 'शुभविवाह : अमुक हॉल'. हळद दारात, लग्न हॉलमध्ये. हळदीला गाव येते, पाडा येतो, म्हातारी येते. रात्रभर बेंजो वाजतो, जेवणावळ उठते. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दोन तासांत अक्षता, फोटो, जेवण. शहरी माणसाला ही उधळपट्टीची दुप्पट वाटते, आणि डीजे व मद्य यांनी हळदीचे जे केले आहे ते पाहता ती टीका चुकीची नाही. पण या विभागणीत एक शहाणपण दडलेले आहे. जे आपल्या माणसांसमोर व्हायला हवे ते दारात ठेवायचे, आणि जे नात्यातल्या, ओळखीच्या, नोकरीतल्या लोकांना दाखवायचे ते बाहेर न्यायचे. लोकांनी लग्नाचे दोन तुकडे केले आणि घरातले घरी ठेवले.

या घरच्या तुकड्यात जुने बरेच काही टिकून होते. आगरी लग्नात धवलारीण येते. वारल्यांत तिला धवलेरी म्हणतात आणि लग्न लावण्याचा अधिकारच तिचा असतो. बाईने गाऊन लावलेले लग्न ही गोष्ट आपल्या पुरोगामी चर्चांत क्वचित येते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ती अगदी आरंभी आहे. मराठीतील आद्य कवयित्री मानली जाणारी महानुभाव महदंबा हिची तेराव्या शतकातली रचना 'धवळे' याच नावाने ओळखली जाते, आणि तिचा विषय कृष्ण-रुक्मिणीचा विवाह आहे. त्या कथेत स्थळाचा प्रश्न कोण सोडवते हे पाहण्यासारखे आहे. भावाने ठरवलेला मांडव, वर, मुहूर्त, सारे तयार असताना रुक्मिणी निरोप धाडते की मी देवीच्या दर्शनाला नगराबाहेर जाईन, तिथून मला घेऊन जा. दोन्ही स्थळे तिने स्वतः निवडली, माणूसही आणि जागाही. आज हॉल पाहायला चार पुरुष जीपमधून जातात, आणि नवरीला त्या हॉलचे फोटो दाखवले जातात. धवळे गाणाऱ्या बाईला तर हॉलमध्ये जागाच नाही. तिचे गाणे लांब, आणि हॉलची वेळ ठरलेली.

आता या गोष्टीचे आणखी एक टोक. टोकावड्याचे लग्न मुरबाड-कल्याणकडे जात असताना मुंबई-ठाण्याचे लग्न उलट दिशेने येऊ लागले आहे. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत फार्महाउस आणि रिसॉर्ट यांची संख्या वाढत गेली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्याने शहापूर आणखी जवळ आणले. शहरातल्या जोडप्याला डोंगर पाठीशी हवा, हिरवळ हवी, पळसाच्या पानाची पत्रावळ हवी, आणि मांडवही 'गावठी' हवा. बांबू, झेंडूची तोरणे, बैलगाडी. जे अंगण टोकावड्याच्या माणसाने अपुरे म्हणून सोडले, त्याचीच प्रतिकृती दामदुप्पट भाड्याने दिली जाते. त्यात गावाच्या वाट्याला काय येते? गाड्या लावणे, ताटे उचलणे, रखवाली. रोजगार म्हणून ते नाकारण्याजोगे नाही. पण ज्या मांडवात गावातला माणूस फक्त वाढपी म्हणून शिरू शकतो, त्याला गावचा मांडव म्हणता येत नाही. शिवाय हिरवळीला पाणी लागते, तेही एप्रिल-मे महिन्यांतच. ध्वनिवर्धकांवर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी घालणारे नियम २००० सालापासून आहेत, ते दरीतही लागू आहेत.

मधल्या काळात एक सक्तीचा प्रयोग आपण सगळ्यांनीच केला. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ती पंचवीसवर आणली. एकाच सभागृहात, दोन तासांत उरकायचे, नियम मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. त्या दोन उन्हाळ्यांत कितीतरी लग्ने पुन्हा दारात आली. अंगणात, ओटीवर, गच्चीवर. कोणाचे काही बिघडले नाही. संसार झाले, मुले झाली. अनेक बापांच्या डोक्यावरचे कर्ज वाचले, आणि 'बरे झाले' असे ते दबक्या आवाजात म्हणालेही. निर्बंध उठल्यावर मात्र सगळे पूर्ववत झाले, किंबहुना वाढले. म्हणजे आपल्याला साधे लग्न करता येते, आवडतेही. फक्त ते आपणहून करायचे धैर्य नाही. सरकारने सांगितले तर शेजारी नावे ठेवत नाहीत.

कायद्याला तर स्थळाची फारशी फिकीरच नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा रूढीप्रमाणे होणारे विधी मागतो, जागा सांगत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा त्यापासून वाजवी अंतरावरच्या, वधूवरांना हव्या त्या ठिकाणी लग्न लागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका निकालात, लग्न म्हणजे नुसते नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे, अशी आठवणही करून दिली. थोडक्यात, हॉलची सक्ती ना धर्माची, ना कायद्याची. ती आपण आपल्यावर घातलेली आहे.

सत्यशोधक विवाहांची सुरुवात १८७३ मध्ये झाली तेव्हा फुल्यांपुढे दोन प्रश्न होते : लग्न कोण लावतो आणि त्यापायी घर किती बुडते. कुठे लावायचे हा प्रश्न तेव्हा नव्हता. तो आज आहे, आणि पहिल्या दोन प्रश्नांइतकाच गंभीर आहे. त्याचे उत्तर 'पुन्हा दारचा मांडव घाला' असे मी देणार नाही. जातीची पंगत, चुलीपाशी राबणारी आई आणि आटलेली विहीर यांच्यासह तो परत नको. पण अंगण आणि लॉन यांच्या मधली एक जागा गावाजवळ असते, तिच्याकडे आपण लक्ष देत नाही. देवळाचा सभामंडप, शाळेचे मैदान, समाजमंदिर. बौद्ध वस्त्यांत १९५६ नंतर विहारात किंवा विहारापुढच्या मांडवात लग्ने लागू लागली. ती जागा कोणा एकाच्या दाराची नव्हती, आणि तिचे भाडेही घर बुडवणारे नव्हते. गावोगावी लोकप्रतिनिधींच्या निधीतून बांधलेली समाजमंदिरे आहेत. त्यांतल्या पुष्कळांची अवस्था आपण जाणतो. दाराला कुलूप, आत खतांच्या गोण्या, नळ आहे पण पाणी नाही. मुलीच्या बापाला हॉलकडे ढकलणारे कारण तिथे आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीने गावातल्या एका जागेत उन्हाळ्यातही पुरेल इतकी पाण्याची टाकी, बायकांसाठी आणि पुरुषांसाठी स्वच्छ शौचालये, सावली, आणि मोठी भांडी एवढे ठेवावे. ती जागा जातपात न विचारता, एकाच दराने, पाड्यावरच्या माणसालाही मिळावी. स्वयंपाकाला मजुरीने माणसे लावावीत, ती गावातलीच असावीत, आणि नवरीच्या आईने त्या दिवशी मुलीजवळ बसावे. हळद हवी तर दारात करावी. एवढे झाले तर हॉल कोणी बंद करायला नको. ज्याला परवडेल आणि हवासा वाटेल तो तिथे जाईल. आज ज्यांना तो परवडत नाही त्यांनाही तिथेच जावे लागते, हे थांबेल.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. 'सगळे पाहुणे तुमच्या गावातले थोडेच असतात? व्याही कल्याणचे, मामा नाशिकचे, ऑफिसातले लोक ठाण्याचे. त्यांना टोकावड्याला बोलवायचे?' आक्षेप खरा आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की गैरसोय होणारच असेल तर ती गावाने सोसावी. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी पन्नास किलोमीटर यावे, की ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी जावे? पूर्वी वऱ्हाडच गावी येत असे आणि जानवसघरात उतरत असे. प्रवास करणे हा पाहुण्याचा मान होता. तो आता यजमानाच्या शेजाऱ्याचा भार झाला आहे.

स्थळ पाहायला निघालेल्या कोणाही आईबापांना, आणि त्याहून अधिक त्या मुलामुलीला, माझे एवढेच सांगणे आहे. ताटाचा दर विचारण्याआधी घरी बसून एक यादी करावी. तुमच्या घरात कोणी गेले तर निरोप न पाठवताही रात्री कोण येऊन बसेल, त्यांची नावे लिहावीत. त्यांतले किती जण तुम्ही ठरवलेल्या जागी आपल्या पायांनी येऊ शकतात, ते मोजावे. निम्मेही येऊ शकत नसतील तर ती जागा सुंदर असेल, सोयीची असेल, पण तुमच्या लग्नाची नाही. पत्रिकेवर 'समस्त ग्रामस्थ मंडळ' छापण्याआधी तेवढे पाहून घ्यावे.